हाताने विणलेला चामडी चाबूक पहिल्यांदाच घेताय? आधी त्याच्या पोटात डोकवा

माझा पहिला चाबूक मी रापीने उभा चिरला. बाहेरून सोळा पेडांची देखणी वीण, मुठीवर दोन रंगांची नक्षी, टोकाला लालभडक गोंडा. पण चार महिने मैदानावर घाम गाळूनही दहातले सात फटके मुके जायचे आणि उरलेल्या तिनांचा आवाज ओला फटाका वाजावा तसा यायचा. मला वाटायचं, आपला हातच वाईट. मग एका जाणत्या माणसाने तो चाबूक हातात घेतला, मुठीपासून टोकापर्यंत बोटं फिरवली आणि एवढंच म्हणाला, "याला पोटच नाही." घरी येऊन चिरला तर आत प्लॅस्टिकची दोरी, तिच्यावर रेक्झिनच्या चिंध्या आणि एके ठिकाणी चक्क घडी घातलेला कागद.

पुढे दोन चाबूक घेतले, एक स्वतः विणायचा प्रयत्न केला (तो लटकलेल्या मांजराच्या शेपटीसारखा झाला), आणि मग कुठे कळायला लागलं की चाबकाची किंमत कुठून येते आणि हाताला तो हलका, जड, हुकमी किंवा हट्टी का लागतो. नव्याने घेणाऱ्याला तेच क्रमाने सांगतो.

१. भागांची नावं माहीत करून घ्या

कारागिराशी बोलताना हे शब्द लागतातच. मूठ म्हणजे धरायचा कडक भाग. तिच्यापुढे विणलेला, निमुळता होत जाणारा लांब भाग म्हणजे थाँग. मी त्याला अंग म्हणतो. अंगाच्या टोकाला गाठीने अडकवलेली एकेरी, सपाट वादी म्हणजे फॉल. फॉलच्या शेवटी दोऱ्याचा पीळदार गोंडा असतो, तो क्रॅकर. मुठीच्या बुडाशी गोल विणलेली गाठ असते. ती शोभेची वाटते, पण तिच्या आत बऱ्याचदा शिशाची पट्टी दडलेली असते आणि चाबकाचा तोल तीच सांभाळते.

फॉल आणि क्रॅकर झिजण्यासाठीच असतात. सगळ्यात जास्त वेग टोकाला, म्हणून सगळी झीजही तिथेच. ती महागड्या विणीपर्यंत पोचू नये म्हणून हे दोन स्वस्त, बदलता येणारे भाग पुढे लावतात. ज्या चाबकाला फॉल बदलायची सोयच नाही, तो भिंतीवर टांगायचा समजा.

२. कडाका कसा होतो ते समजून घ्या, बाकीचं आपोआप कळेल

मनगटाने दिलेला झटका एका वळशाच्या रूपात अंगावरून पुढे धावतो. पुढे जावं तसं अंग बारीक आणि हलकं होत जातं. तीच ऊर्जा कमी कमी वजनात जात राहते, म्हणून वेग वाढत जातो. शेवटी तो हवेतल्या आवाजाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरला, मागे टाकतो आणि जो कडाका ऐकू येतो तो एक छोटा ध्वनिस्फोट असतो. २००२ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या अ‍ॅलन गोरिएली आणि टायलर मॅकमिलन यांनी गणिताने दाखवलं की हा आवाज नुसत्या टोकाचा नसून त्या धावणाऱ्या वळशाचा असतो.

खरेदी करणाऱ्याने यातून एकच गोष्ट उचलायची: वळसा कुठेही अडखळता कामा नये. अंगात एक फुगवटा, एक पोकळ जागा किंवा एक अचानक बारीक झालेला सांधा असला की ऊर्जा तिथेच सांडते. चांगला कारागीर मेहनत घेतो ती हा उतार मुठीपासून गोंड्यापर्यंत अखंड ठेवण्यासाठी, आणि पैसे घेतो तेही त्याचेच.

३. कशासाठी हवाय ते ठरवा: प्रकार आणि लांबी

तीन प्रकार मुख्य.

बुलव्हिपमध्ये कडक मूठ अंगातच विणलेली असते. मूठ साधारण ८ ते १२ इंच. नेम धरायला आणि शिकायला हाच सोपा, कारण मूठ कुठे रोखली आहे ते हाताला कळतं.

स्टॉकव्हिप ऑस्ट्रेलियातल्या गुराख्यांचा. त्याची मूठ लांब, बहुधा वेताची, आणि अंगापासून वेगळी असते. दोन्ही चामड्याच्या फासांनी एकमेकांत अडकवलेली. सांधा बिजागरीसारखा हलतो, त्यामुळे कमी जोरात चाबूक फिरतो आणि घोड्यावरून वापरता येतो. मूठ मोडली तर तेवढीच बदलायची. मात्र बुलव्हिपची सवय झालेल्याला सुरुवातीला तो हातातून निसटल्यासारखा वाटतो.

स्नेकव्हिपला कडक मूठच नसते. गुंडाळून खिशात मावतो. त्याच्या गाभ्यात बऱ्याचदा छर्रे भरलेले असतात. पहिला चाबूक म्हणून मी तो कुणालाच सुचवणार नाही, कारण चूक कुठे झाली हे तो सांगत नाही.

लांबीचं म्हणाल तर नवशिक्याला ६ फूट, म्हणजे सुमारे १.८ मीटर, पुरे. आखूड चाबूक चपळ असतो, पण वेळ साधायला फार कमी अवधी देतो. ८-१० फुटांचा सावकाश फिरतो, दिसतो झकास, पण खांदा भरून येतो आणि चुकला की पाठीवर पूर्ण वजनानिशी येतो.

इथे पहिला सापळा आहे. बुलव्हिपची लांबी बहुतेक कारागीर मुठीच्या बुडापासून विणीच्या टोकापर्यंत मोजतात. फॉल आणि क्रॅकर धरत नाहीत. स्टॉकव्हिपमध्ये बऱ्याचदा फक्त अंग मोजतात, मूठ वेगळी. स्वस्त विक्रेते मात्र गोंड्यापर्यंत सगळं धरून आकडा फुगवतात. माझा तो पहिला "८ फुटी" चाबूक विणीपुरता मोजला तर जेमतेम साडेपाच भरला. "६ फूट म्हणजे कुठून कुठपर्यंत?" हा प्रश्न विचारायला लाजू नका.

आणखी एक. लांबी वाढली की किंमत त्याच प्रमाणात वाढत नाही, त्याहून जास्त वाढते. लांब अंगाला उतार राखायचा तर मुठीकडची जाडी वाढवावी लागते, जाडी वाढली की आतले थर वाढतात, आणि प्रत्येक थराच्या वाद्याही लांब लागतात. कातडं फक्त लांबीपुरतं लागत नाही, जाडीपुरतंही लागतं.

४. पोटातले थर: खरे पैसे इथे जातात

चांगला चामडी चाबूक म्हणजे चाबकाच्या आत चाबूक आणि त्याच्याही आत चाबूक. अगदी मधोमध गाभा: चामड्याची निमुळती कापलेली पट्टी, किंवा छर्रे भरलेली चामड्याची नळी. बुलव्हिप असेल तर मुठीच्या भागात पोलादी सळई किंवा मोठा खिळा. त्यावर पहिली वीण, बहुधा चार किंवा सहा पेडांची. कारागीर तिला बेली, म्हणजे पोट म्हणतात. त्या पोटावर चामड्याचा एक लांब, निमुळता तुकडा घट्ट गुंडाळतात, तो बोल्स्टर. तो दोन विणींमधली फट भरतो आणि वरच्या विणीला गुळगुळीत बैठक देतो. मग दुसरी बेली, दुसरा बोल्स्टर, आणि शेवटी बाहेरची वीण, जी तुम्हाला दिसते. मधेमधे ठरावीक जागी मेण लावलेल्या दोऱ्याने बांधणी करतात. प्रत्येक थर झाला की दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये धरून लाटतात, म्हणजे अंग गोल आणि घट्ट होतं.

आता याचा हाताशी संबंध. चामड्यावर चामडं घट्ट विणलं की अंग भरीव होतं आणि वजन मुठीकडून टोकाकडे सलग उतरतं. झटका दिला की तो दिला तेवढा पुढे जातो. आत दोरी आणि चिंध्या असल्या की बाहेरची वीण आतल्या मालावर सरकते, झटक्याचा अर्धा जोर त्या सरकण्यातच जिरतो. माझे मुके फटके तिथे जिरत होते.

एक बेली असलेला चाबूक हलका आणि मऊ. दोन बेलींचा दाट, वजनदार, उतार सरळ. नवशिक्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: दोन बेली आणि दोन बोल्स्टर मिळत असतील तर बाकी सगळ्या हौसेवर पाणी सोडा, पण हे घ्या.

छर्रे भरलेला गाभा हवा का? त्याने अंग जड होतं, वाऱ्यात टिकतं आणि कमी जोरात लांब जातं. पण हात लवकर दमतो, फटका मधेच थांबवणं अवघड जातं, आणि अंगावर बसला तर वळ जास्त उठतो. पहिल्या चाबकात नको.

मला एका कारागिराच्या कामाच्या टेबलाशी बसायला मिळालं होतं. तो कातड्याच्या कडेने गोल गोल कापत आत जात होता, संत्र्याची साल एका दमात सोलावी तसा. कारण सरळ कापली तर चाबकाला पुरेल इतकी लांब वादी कातड्यातून निघतच नाही. विणीत तिरकं जाताना लांबी खर्च होते, म्हणून वादी चाबकाहून बरीच लांब लागते. कापून झाल्यावर त्याने प्रत्येक वादी ताणली. जी कुठे जास्त ताणली गेली ती बाजूला. मग पात्यातून ओढत तिच्या कडा तिरक्या तासल्या, म्हणजे विणताना एक पेड दुसऱ्याखाली सपाट बसतो. तासताना पातं घसरलं आणि एक वादी मधेच तुटली. तो काही बोलला नाही, तिला आतल्या बेलीच्या ढिगात टाकलं आणि नवी कापायला घेतली. चरबी, साबण आणि पाणी एकत्र शिजवून केलेलं एक मलम तो वाद्यांना चोळत होता. त्याने पेड सरकतात आणि वीण आवळून बसते. हे सगळं होईपर्यंत दोन दिवस उलटले होते आणि बाहेरच्या विणीचा पहिला वेढाही पडला नव्हता. त्यानंतर मी कधी घासाघीस केली नाही.

५. चामडं कोणतं

उत्तम चाबकांसाठी कांगारूचं कातडं वापरतात आणि त्यामागे कारण आहे. त्याचे तंतू पृष्ठभागाला समांतर, एकसारखे बसलेले असतात. त्यामुळे ते मिलिमीटरभर जाडीचं असूनही ताणाला टिकतं. गाईच्या कातड्यात तंतू वरखाली गुंतलेले असतात. पातळ केलं की त्याची ताकद झपाट्याने जाते. म्हणून गाईच्या चामड्याच्या वाद्या जाड आणि रुंद ठेवाव्या लागतात. पेड कमी बसतात, वीण ठळक दिसते. वाईट नसते; जरा रांगडी असते, आणि शिकण्याच्या काळातली धसमुसळी झेलते. किंमतही बरीच कमी.

कमावणीही विचारा. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं आकार धरून राहतं. क्रोमने कमावलेलं रबरासारखं ताणलं जातं. त्याचा चाबूक वर्षभरात लांबतो आणि ढिला पडतो.

फॉलसाठी मात्र कांगारू नको, ते फार हलकं. तिथे गाईचं जाड, तेलकट चामडं किंवा तुरटीने कमावलेलं पांढरं चामडं लावतात.

दूरदेशाहून मागवणार असाल तर आधी आपल्या भागातला कायदा पाहा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात कांगारूच्या वस्तूंची विक्री बेकायदा आहे. पार्सल अडकलं तर भुर्दंड तुमच्यावर.

चामड्याइतके पैसे नसतील तर नायलॉनच्या दोरीचा हाताने विणलेला चाबूक घ्या. पावसाचं भय नाही, निगा नाही. वजन कमी असल्याने हात थोडा जास्त लावावा लागतो, एवढंच. चिंध्या भरलेल्या "अस्सल चामडी" चाबकापेक्षा तो शंभर वेळा बरा.

६. पेडांच्या आकड्याला भुलू नका

हा सगळ्यात मोठा सापळा. ४, ६, ८, १२, १६, २४: आकडा जितका मोठा तितका चाबूक भारी, असा समज विक्रेत्यांनीच रुजवलाय. पेड वाढले की वीण बारीक, गुळगुळीत आणि देखणी होते, आणि कापण्या-तासण्याचं काम वाढल्याने किंमतही वाढते. पण आत काय आहे हे तो आकडा सांगत नाही. ८ पेडांचा, दोन बेलींचा चाबूक पोकळ १६ पेडांच्या चाबकाला मैदानात कधीही झोपवेल. माझ्या मते कांगारूत १२ पेडांच्या पुढचं सगळं डोळ्यांसाठी आहे. डोळ्यांसाठी खर्च करू नये असं नाही, पण ते माहीत असू द्या.

त्यापेक्षा विचारा की पेड कुठे कुठे कमी केले आहेत. अंग निमुळतं होताना बारा पेड टोकापर्यंत नेता येत नाहीत. वाटेत दोन-दोन करून ते आत सोडतात. सोडलेलं टोक नीट तासून आत गाडलं नाही तर तिथे गाठ येते आणि वळसा तिथेच अडखळतो.

७. कारागिराला लेखी विचारायच्या गोष्टी

तोंडी ठरवू नका. माझा दुसरा चाबूक मुठीला १२ इंच सांगून ८ इंचांची मूठ घेऊन आला. बोलणं फोनवर झालेलं, पुरावा शून्य. एका संदेशात हे सगळं लिहून घ्या:

– लांबी किती, कुठून कुठपर्यंत मोजलेली. मुठीची लांबी वेगळी
– बाहेरचं चामडं आणि आतलं चामडं (दोन्ही वेगळी असू शकतात, बेलींना गाईचं वापरलेलं चालतं, पण सांगितलेलं हवं)
– बेली किती, बोल्स्टर किती, गाभा कशाचा
– बाहेरची वीण किती पेडांची सुरू होते आणि किती पेडांवर संपते
– फॉल कशाचा, जादा फॉल आणि क्रॅकर सोबत मिळतील का
– आतल्या थरांचे, विणताना काढलेले फोटो
– दुरुस्ती करून देतात का

फोटोंचं नाव काढल्यावर जो चिडतो, त्याला नमस्कार करा. मन लावून काम करणारा उलट उत्साहाने पाठवतो, कधी कधी नको तितके.

पैसे वाचवायचे तर रंगाची नक्षी सोडा (दोन रंग म्हणजे वेगवेगळी कातडी आणि जास्तीची वेस्टेज), मुठीवरच्या जादा गाठी सोडा, लांबी दोन फुटांनी कमी करा, पेड कमी करा. बेली आणि चामड्याच्या प्रतीवर कात्री लावू नका.

८. हातात आल्यावर पहिल्या दिवशीच तपासा

डोळे मिटा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत अंग धरून मुठीपासून टोकापर्यंत सावकाश सरकवा. डोळे उघडे असले की वीण बघण्यात आपण रमतो, म्हणून मिटायचे. जाडी सतत कमी होत गेली पाहिजे. फुगवटा, खड्डा, मऊ जागा लागली तर तिथे खूण करा.

मूठ आडवी धरा आणि अंग लोंबू द्या. मूठ संपते तिथून बाक हळूहळू सुरू झाला पाहिजे. मोडलेल्या फांदीसारखा तिथेच कोन पडत असेल तर तो सांधा कच्चा आहे. चाबूक आधी मोडतात तेही तिथेच.

मग दोन्ही हातांनी अंग धरून पिळा. बाहेरची वीण आतल्या मालावरून फिरता कामा नये. शेवटी वाकवा आणि बाकाच्या बाहेरच्या बाजूला पाहा: पेडांमध्ये फट पडून आतलं दिसत असेल तर वीण ढिली आहे.

नवा चाबूक ताठ असतो, एका बाजूला वळायचा हट्ट धरतो. तो दोष नाही. तो स्वतःहून ज्या बाजूला वळतो, तीच बाजू ओळखून फटका मारा. उलट्या बाजूने वापरलात तर फटके वेडेवाकडे जातील आणि विणीवर विनाकारण ताण येईल.

९. मैदानात उतरताना

लागणारं सामान थोडंच: डोळ्यांना सुरक्षा चष्मा, काठाची टोपी, लांब बाह्या, कानात बोळे, जादा क्रॅकर. चष्म्याशिवाय एकही फटका नको. गोंडा डोळ्याकडे यायला लागतो तो क्षण दिसतच नाही. चाबकाच्या लांबीच्या दुप्पट अंतरात माणूस, जनावर काही नसावं. गवत किंवा मऊ माती चांगली. काँक्रीट आणि खडी विणीला किसणीसारखी खातात.

क्रॅकर नसताना फटके मारू नका. त्याच्याविना फॉलचं टोक उसवतं आणि रोज बोटभर आखूड होत जातं. फॉल बराच आखूड झाला की बदला. गाठ सोपी आहे, एकदा बघून येते.

तेल-मलम हात राखूनच लावा. मी पहिल्या उत्साहात दर आठवड्याला तेल चोळलं आणि अंग उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखं लिबलिबीत करून ठेवलं. कोरडं वाटलं तरच थोडं चामड्याचं मलम, तेही पुसून काढायचं. फॉलला मात्र जरा जास्त, कारण तो मातीत लोळतो. भिजला तर सावलीत, पसरून वाळवा. ठेवताना त्याच्या स्वाभाविक वळणानेच मोठी गुंडाळी करा. खिळ्याला टांगू नका, तिथे कायमचा बाक पडतो.

विणीतला पेड तुटलाच तर गोंद लावू नका. गोंदाने ती जागा कडक होते आणि शेजारचे दोन पेड महिन्याभरात तुटतात. दोऱ्याने तात्पुरतं बांधा, वापर थांबवा आणि कारागिराला पाठवा.